मोड-एस घेतला म्हणजे एडीएस-बी आलंच, असं नाही

धुळ्याजवळ गोंदूरला किंवा शिरपूरला शिकाऊ वैमानिकांची विमानं उडतात. अशा एखाद्या जुन्या सेसनाच्या पॅनेलवर चार आकड्यांचा कोड लावायचा डबा असतो, तोच ट्रान्सपाँडर; रडारने विचारलं की तो विमानाच्या वतीने उत्तर देतो. जुना असेल तर बहुधा मोड-सी, म्हणजे कोड आणि उंची सांगणारा. तो बदलायचं ठरलं की ‘मोड-एस’ आणि ‘एडीएस-बी’ ही नावं सर्रास एकाच अर्थाने घेतली जातात, आणि पैसे तिथेच वाया जातात.

मोड-एस म्हणजे उत्तर द्यायची पद्धत. रडार 1030 मेगाहर्ट्झवर विचारतं, विमान 1090 वर उत्तर देतं. मोड-सीची हाक सगळ्यांना असते. जवळजवळची विमानं एकदम बोलली की उत्तरं एकमेकांत मिसळतात. मोड-एसमध्ये शाळेतल्या हजेरीसारखं ज्याचं नाव घेतलं तोच बोलतो. ते नाव म्हणजे विमानाचा 24 बिटांचा पत्ता.

एडीएस-बी विचारण्याची वाट बघत नाही. विमान आपली जागा सेकंदाला साधारण दोनदा आपणहून सांगत राहतं. पण ही जागा ट्रान्सपाँडरला कळणार कुठून? जीपीएसमधून. डब्यावर ‘ईएस’ (एक्स्टेंडेड स्क्विटर, म्हणजे आपणहून पाठवायचा लांब संदेश) लिहिलेलं असलं तर तो अशी माहिती पाठवू शकतो, एवढंच. जीपीएस जोडलेलंच नसेल तर तो नुसता मोड-एस. आणि हातातलं जीपीएस इथे चालत नाही, कारण जागेबरोबर ती कितपत भरवशाची आहे हेही पाठवावं लागतं; त्यासाठी प्रमाणित जीपीएसच हवं.

केटी-76ए हा जुना मोड-सी ट्रान्सपाँडर काढून त्याच खाचेत बसणारा केटी-74 हा मोड-एस डबा मिळतो, म्हणून तो सोपा वाटतो. पण जीपीएसची तार वेगळी ओढावीच लागते. पॅनेल उघडणारच असाल, तर जीपीएस आतच असलेला जीटीएक्स-335 हा ट्रान्सपाँडर मला जास्त पटतो. अर्थात तुमच्या विमानासाठी त्याची मान्यता आहे ना, हे आगाऊ रक्कम देण्याआधी बघा.

मोड-सी नीट चालत असेल तर तो निकामी आहे असंही समजू नका. मोठ्या विमानांच्या टीकॅसला, म्हणजे टक्कर टाळायचा इशारा देणाऱ्या यंत्रणेला, त्यातूनही तुमची उंची दिसते.

ही उंची देणारा एन्कोडर मात्र सगळे विसरतात. जुना एन्कोडर बऱ्याच तारांच्या जुडग्यातून 100 फुटांच्या टप्प्यात उंची देतो. मोड-एस 25 फुटांपर्यंत बारीक उंची सांगू शकतो, पण मागे तोच जुना एन्कोडर ठेवलात तर नवा डबाही 100 फुटांनीच उड्या मारेल. म्हणून कोटेशनमध्ये एन्कोडर आणि बसवल्यानंतरची स्टॅटिक तपासणी (उंची ज्यावरून मोजतात त्या हवेच्या दाबाच्या नळ्यांची चाचणी) वेगळी लिहून मागा.