स्निफ म्हणजे हुंगणं

स्निफ म्हणजे नाकाने झटक्यात आत ओढलेला छोटासा श्वास. बहुतेक वेळा तो वास घ्यायला असतो पण दरवेळी नाही, सर्दीत नाक वर ओढतो तेही स्निफ, रडून झाल्यावर थोडा वेळ जी मुसमुस चालू राहते तीही स्निफ, आणि एखादी गोष्ट आपल्या लायकीची नाही हे न बोलता दाखवायला काही लोक नाकातून जो आवाज काढतात तोही त्यातच जमा (आपल्याकडे त्या जागी नाक मुरडतात, आवाज बहुधा नसतो). याशिवाय एखाद्या भानगडीचा माग काढणं या अर्थानेही शब्द चालतो, बातमीदार आणि डिटेक्टिव्ह मंडळींबद्दल बोलताना जास्त.

वास येणं आणि हुंगणं यात फरक आहे. वास आपोआप येतो, हुंगायला मात्र स्वतः काहीतरी करावं लागतं, आणि बाकीचे सगळे अर्थ या मुद्दाम करण्यातूनच निघालेत असं मला वाटतं.

साधा श्वास घेताना बरीचशी हवा नाकातल्या खालच्या वाटेने सरळ घशाकडे जाते. वास ओळखणाऱ्या पेशी असतात पार वर, साधारण दोन डोळ्यांच्या मधल्या पातळीला, तिथे त्यातली थोडीच हवा पोचते. हुंगलं की हवेचा वेग वाढतो, आणि वासाचे जास्त रेणू वर जातात. माणसाकडे वासाचे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर (वासाचे रेणू टिपणारी पेशींवरची प्रथिनं) असतात, हे रिसेप्टर बनवणारी जीन्सची मोठी फॅमिली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये दाखवली आणि त्यासाठी २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. पण रिसेप्टर म्हणजे सगळं नाही. नोम सोबेल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की अजिबात वास नसलेली हवा हुंगली तरी मेंदूतला वासाचा भाग जागा होतो, म्हणजे हुंगणं हा वास घेण्याचाच एक हिस्सा आहे, नुसतं हवा आत ढकलणं नाही. आणि वास उग्र असला तर आपण श्वास मध्येच आखडता घेतो, तेही साधारण १६० मिलिसेकंदात, म्हणजे आपल्याला घाण वाटतंय हे नीट कळायच्या आधीच नाकाने निर्णय घेतलेला असतो.

माणसाचं नाक अगदीच कुचकामी असं जे म्हणतात ते तितकंसं खरं नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या एका प्रयोगात लोकांचे डोळे-कान बंद करून, हातमोजे घालून, गवतावर टाकलेल्या चॉकलेटच्या वासाच्या रेषेमागे रांगायला लावलं होतं आणि ३२ पैकी दोन तृतीयांश लोकांनी माग काढला. सरावाने त्यांचा वेग वाढला, हुंगण्याचा दरही वाढला, आणि एक नाकपुडी बंद केली की काम बिघडायचं. तरी कुत्र्याशी बरोबरी नाहीच. कुत्रा माग काढताना सेकंदाला पाचेक वेळा हुंगतो आणि बाहेर सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरांमधून मागे टाकतो, म्हणजे समोरचा वास उधळला जात नाही. त्याहून भारी म्हणजे चांदणीसारखं नाक असलेला मोल (जमिनीत बिळं करणारा एक छोटा प्राणी), हा पाण्याखाली बुडबुडा सोडतो, तो वस्तूला टेकवतो आणि तोच परत आत ओढतो, केनेथ कटानिया यांनी २००६ मध्ये हे दाखवेपर्यंत सस्तन प्राणी पाण्यात हुंगू शकत नाहीत असंच धरलं जायचं.

या नाकांना नोकऱ्याही आहेत. स्फोटकं आणि ड्रग्ज शोधणारे स्निफर डॉग सगळ्यांना माहीत असतात, पण अपोपो ही संस्था टांझानियात मोठ्या आफ्रिकन उंदरांना सुरुंग शोधायला शिकवते. उंदीर हलका असल्याने सुरुंग फुटत नाही आणि तो धातू शोधत नाही, स्फोटकाचा वास शोधतो, त्यामुळे जुन्या पत्र्याच्या तुकड्यांनी फसत नाही. मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभराहून जास्त सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधले आणि २०२० मध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं.

नैसर्गिक गॅसला मुळात वास नसतो, जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनसारख्या रसायनांचा. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत गळती कुणाच्या लक्षात न आल्याने स्फोट होऊन शेकडो मुलं आणि शिक्षक गेले, त्यानंतर तिथे वास मिसळायची सक्ती झाली. पण दरवेळी नाकावर विसंबून चालत नाही. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा वास प्रमाण कमी असताना सडक्या अंड्यासारखा येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं समजून लोक आत जातात. लॅबमध्ये बाटलीला नाक लावायचं नाही, हाताने वाफ आपल्याकडे ओढायची, हे म्हणूनच शिकवतात. गम किंवा थिनर नशेसाठी हुंगणं हा तर वेगळाच प्रकार, त्यात पहिल्याच वेळी हृदयाचा ठेका बिघडून माणूस जागच्या जागी मरू शकतो, याला सडन स्निफिंग डेथ असंच नाव आहे.

डॉक्टरांचा स्निफ वेगळा. छातीचा पडदा (फुफ्फुसांखालचा श्वासाचा स्नायू) लुळा पडलाय का बघायला एक्स-रेच्या स्क्रीनसमोर पेशंटला झटक्यात हुंगायला सांगतात, निरोगी पडदा खाली जातो, लुळा उलटा वर सरकतो. भूल देताना घशात नळी घालायला डोकं जसं ठेवतात, मान थोडी पुढे आणि चेहरा वर, त्याला स्निफिंग पोझिशन म्हणतात. आणि २०१० मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने असं यंत्र दाखवलं की हातपाय हलवू न शकणारे पेशंट नुसतं हुंगून कॉम्प्युटरवर अक्षरं निवडू शकत होते.

कॉम्प्युटरवाल्यांनी तर शब्द नाकापासून पार तोडला. पॅकेट स्निफर म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटा पकडून वाचणारं सॉफ्टवेअर, वायरशार्क हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, आधी त्याचं नाव इथरियल होतं, २००६ मध्ये बदललं. नेटवर्क कुठे अडतंय ते शोधायला ॲडमिन हे रोज वापरतात आणि दुसऱ्याचे पासवर्ड चोरायला चोरही हेच वापरतात, फरक परवानगीचा. ट्रॅफिक एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात बदललेलं) असेल तर पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हाती लागतो पण आतलं वाचता येत नाही, फक्त कोण कुणाशी बोलतंय एवढा अंदाज येतो. ब्राउझरसुद्धा हुंगतात, सर्व्हरने फाइलचा प्रकार सांगितला असला तरी आतला मजकूर बघून स्वतःच ठरवतात, आणि साधी टेक्स्ट फाइल म्हणून चढवलेली गोष्ट स्क्रिप्ट म्हणून चालायचा धोका असल्याने वेबसाइटवाले हेडरमध्ये (फाइलसोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचनांमध्ये) 'नोस्निफ' लिहून ब्राउझरला हे करू नको असं सांगून ठेवतात.