चांदी भरली, पण किती?

दाढेत ‘चांदी भरली’ असं आपण म्हणतो, पण त्या चांदीत वजनाने निम्म्याच्या आसपास पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबं. धातूची भुकटी पाऱ्यात घोटली की मऊ गोळा होतो, तो खळग्यात दाबून बसवतात आणि काही तासांत तो घट्ट होतो. दंतवैद्य त्याला अमाल्गम म्हणतात. बोलीत मात्र चांदी राहिली, पारा नावातून गळाला.

अमेरिकेत हे मिश्रण १८३३ च्या सुमारास दोन भावांनी एका भपकेदार ‘राजेशाही’ नावाने आणलं. तोवर उत्तम फिलिंग म्हणजे सोन्याचा वर्ख थरावर थर ठोकून बसवणं. महाग आणि वेळखाऊ काम. स्वस्त माल आल्यावर गहजब झाला. तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने १८४५ मध्ये सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची लेखी हमी मागितली. कारण दिलं पाऱ्याच्या विषाचं. पोटापाण्याची काळजीही त्यात होतीच, असं मला वाटतं. सभासद गळत गेले आणि १८५६ मध्ये संघटनाच मोडली. तरी तक्रार अगदीच पोकळ नव्हती. सुरुवातीची भुकटी चांदीची नाणी कानशीने घासून केलेली असे, ते फिलिंग फुगे आणि कधी दातच तडके. १८९० च्या दशकात धातूंचं प्रमाण बसलं, तेव्हा कुठे हा दोष आटोक्यात आला.

दुसरा दोष राहिलाच. अमाल्गम दाताला चिकटत नाही, म्हणून ते अडकून राहावं यासाठी खळगा आत रुंद कोरायचा. त्यात किडीबरोबर निरोगी दातही जातो. १९५५ मध्ये आम्लाने एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, खरखरीत करण्याची युक्ती सापडली, पुढच्या दशकात कॉम्पोझिट रेझिन आलं आणि दाताच्या रंगाचं फिलिंग थेट चिकटू लागलं. फक्त लावताना दात कोरडा हवा. लाळ लागली की पकड गेली. या कॉम्पोझिटला ‘सिमेंट’ म्हणतात ते चूकच. सिमेंट म्हणावं ते १९७० च्या दशकातल्या ग्लास आयोनोमर या दुसऱ्या फिलिंगला, जे फ्लोराइडही सोडतं. दात फारच पोखरला असेल तर कॅप, मुळासकट गेला तर इम्प्लांट.

पाऱ्यावरच्या २०१३ च्या मिनामाता करारात अमाल्गमचा वापर कमी करत नेण्याचं ठरलं. युरोपीय संघात २०२५ पासून, अपवाद वगळता, ते बंद आहे. यामागे मुख्य चिंता सांडपाण्यातून आणि स्मशानाच्या धुरातून पसरणाऱ्या पाऱ्याची होती, तोंडातल्या नव्हे. म्हणून शाबूत असलेली जुनी चांदी उगाच काढून घेऊ नये. कोरताना वाफ उलट जास्त सुटते.