अँटिबायोटिक रेझिस्टन्सची देशोदेशीची पाळत आणि लॅबची क्षमता

जंतूंवर कुठलं औषध अजून चालतं आणि कुठलं चालेनासं झालंय ही माहिती वेगवेगळ्या देशांतल्या लॅबमधून एकाच पद्धतीने गोळा करायची, ती एकमेकांशी ताडून बघायची आणि त्यासाठी लागणाऱ्या मायक्रोबायोलॉजी लॅब उभ्या करायच्या किंवा आहेत त्या सुधारायच्या, या सगळ्या कामाला मिळून एएमआर (अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देणं) सर्व्हेलन्स म्हणतात. कागदावर पाळत आणि लॅब हे दोन वेगळे विभाग असतात, बजेटही वेगळं असतं, पण प्रत्यक्षात ते वेगळे काढता येत नाहीत. लॅब नसेल तर आकडाच नाही, आणि लॅब कच्ची असेल तर आकडा येतो पण त्यावर विसंबून औषध ठरवणं धोक्याचं.

प्रश्न किती मोठा आहे याचा सध्या सगळ्यात जास्त वापरला जाणारा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली आला. त्यानुसार २०१९ मध्ये जगभरात साधारण १२.७ लाख मृत्यू थेट रेझिस्टन्समुळे झाले आणि ४९.५ लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता. हा अंदाज २०४ देश-प्रदेशांसाठी आहे, पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणची प्रत्यक्ष लॅबची माहिती फारच तुटपुंजी होती आणि मधली जागा मॉडेलने भरलेली आहे, हे तो आकडा भाषणात फेकणारे सहसा सांगत नाहीत. त्याआधीचा '२०५० पर्यंत वर्षाला १ कोटी मृत्यू' हा ब्रिटनच्या ओ'नील समितीचा आकडा तर आणखीच ढोबळ गृहीतकांवर उभा होता, त्यावर टीकाही झाली, तरी तो अजून फिरतोच आहे.

सुरुवात कुठून धरायची

यावर एकमत नाही. औषधाला दाद न देणारे जंतू असतात हे पेनिसिलिन बाजारात यायच्या आधीच माहीत होतं, अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच पेनिसिलिन नष्ट करणारं एन्झाइम जंतूंमध्ये दाखवलं होतं. पण एखाद्या लॅबला एक गोष्ट दिसणं वेगळं आणि पाळत ठेवणं वेगळं. काही जण सुरुवात डेन्मार्कपासून धरतात, तिथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून देशभरातल्या रक्तातल्या स्टॅफिलोकॉकस या जंतूचे नमुने एका मध्यवर्ती संस्थेत जमा व्हायला लागले आणि ते आजही होतात. काम भक्कम आहे यात शंका नाही, पण ते एका देशाचं. दुसरा पक्ष बोस्टनच्या थॉमस ओब्रायन यांचं नाव घेतो, त्यांनी १९७० च्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या हॉस्पिटलचे सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (कुठलं औषध जंतूवर चालतं याचे) शेजारी ठेवून बघायला सुरुवात केली आणि त्याच धाग्यातून पुढे १९८९ च्या सुमारास जॉन स्टेलिंग यांच्यासोबत 'व्होनेट' हे असे निकाल साठवायचं फुकट सॉफ्टवेअर आलं. तिसरा पक्ष, विशेषतः युरोपातले लेखक, १९९८-९९ मध्ये नेदरलँड्समधून सुरू झालेल्या 'इअर्स' या जाळ्याला पहिलं म्हणतात. तेच २०१० पासून 'इअर्स-नेट' नावाने युरोपच्या रोगनियंत्रण केंद्राकडे आलं.

या सगळ्यात एक दावेदार नेहमी मागे राहतो तो म्हणजे टीबी. जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या आंतरराष्ट्रीय युनियनसोबत १९९४ मध्ये टीबीच्या औषधांच्या रेझिस्टन्सची जागतिक पाळत सुरू केली आणि १९९७ च्या पहिल्या अहवालात ३५ देश-प्रदेश होते. त्यात दोन गोष्टी अशा होत्या ज्या बाकीच्यांकडे बऱ्याच उशिरा आल्या आणि काहींकडे अजून नाहीत. एक म्हणजे रुग्ण निवडायची पद्धत आधी ठरवलेली, मिळेल तो नमुना घेतला असं नाही, आणि नवीन रुग्ण व आधी उपचार झालेले रुग्ण वेगळे मोजलेले. दुसरी म्हणजे देशांच्या लॅबच्याही वर एक सुप्रानॅशनल लॅबचं जाळं, जे ओळख झाकलेले नमुने पाठवून देशांच्या लॅबची परीक्षा घेत होतं. आता एकाच जंतूची पाळत म्हणून ती गणतीत धरू नये असा आक्षेप आहे, तो रास्त आहे, पण पद्धतीच्या बाजूने पाहिलं तर देशांमध्ये तुलना करता येईल अशी पाळत खऱ्या अर्थाने इथूनच सुरू झाली असं मानायला जास्त आधार दिसतो.

सगळ्या मुख्य जंतूंसाठी जागतिक व्यवस्था मात्र २०१५ मध्ये आली, त्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने कृती आराखडा मंजूर केला आणि ऑक्टोबरमध्ये 'ग्लास' ही जागतिक आरोग्य संघटनेची रेझिस्टन्सच्या पाळतीची व्यवस्था सुरू झाली. देशाने एक समन्वय केंद्र, एक राष्ट्रीय संदर्भ लॅब आणि काही निवडक हॉस्पिटलं नेमायची असा त्याचा सांगाडा, सुरुवातीला ८ जंतू आणि रक्त, लघवी, शौच व जननमार्गाचा स्वॅब असे ४ प्रकारचे नमुने, नंतर यादी वाढली.

प्लेटवर काय होतं

सगळी जागतिक आकडेवारी शेवटी एका आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या) प्लेटवर येऊन थांबते. बहुतेक देशांत अजूनही डिस्क डिफ्यूजनच चालतं, ज्याला १९६६ मध्ये बॉअर, किर्बी, शेरिस आणि टर्क यांनी ठराविक रूप दिलं. म्यूलर-हिंटन आगरवर जंतूचा पातळ थर पसरायचा, औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या, साधारण ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवायचं आणि चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. ऐकायला सोपं आहे आणि म्हणूनच फसतं. आगरची जाडी ४ मिलिमीटर हवी, पातळ ओतली तर वर्तुळ मोठं येतं आणि रेझिस्टंट जंतू सेन्सिटिव्ह, म्हणजे औषधाला दाद देणारा, वाटतो, जाड ओतली तर उलटं. जंतूंचं पाणी ०.५ मॅकफार्लंडपेक्षा (हे गढूळपणाचं माप) गढूळ झालं तर वर्तुळ लहान होतं. आगरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम कमीजास्त झालं तर स्यूडोमोनास या जंतूवर जेंटामायसिनचा निकाल बदलतो, थायमिडीन जास्त असेल तर ट्रायमेथोप्रिमचा. चकत्यांचं पाकीट फ्रिजमधून काढून लगेच उघडलं की आत दव धरतं आणि इमिपेनेम किंवा क्लॅव्ह्युलॅनेट असलेली चकती सगळ्यात आधी निकामी होते. वीज जाणाऱ्या लॅबमध्ये हे रोजचंच, आणि गंमत म्हणजे अशी मेलेली चकती प्लेटवर 'रेझिस्टन्स वाढला' असंच दाखवते. म्हणूनच क्वालिटी कंट्रोलचा ठरलेला जंतू, म्हणजे ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वगैरे, नियमित लावणं हा सर्व्हेलन्सचा भाग धरतात, वेळ उरला तर करायचं काम नाही.

वर्तुळ मोजल्यावर ते तक्त्याशी लावायचं आणि तिथे दुसरा गुंता आहे. तक्ते दोन, अमेरिकेचा सीएलएसआय आणि युरोपचा युकास्ट, आणि ते दरवर्षी सुधारले जातात. २०१९ मध्ये सीएलएसआयने आतड्यातल्या जंतूंसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनची मर्यादा बदलली, आधी २१ मिलिमीटर म्हणजे सेन्सिटिव्ह होतं, नंतर तेच २१ मिलिमीटर रेझिस्टंट झालं. जंतू तोच, प्लेट तीच. आता ज्या लॅबने रजिस्टरमध्ये फक्त एस (सेन्सिटिव्ह) किंवा आर (रेझिस्टंट) लिहिलंय तिचा आलेख त्या वर्षी उडी मारणार आणि कुणीतरी त्यावर अहवाल लिहिणार. ज्या लॅबने मिलिमीटर लिहून ठेवले ती मागची दहा वर्षं नव्या तक्त्याने पुन्हा मोजू शकते, व्होनेटचा खरा उपयोग हाच आहे. त्यात युकास्टने २०१९ पासून 'आय' (एस आणि आर यांच्या मधल्या गटा)चा अर्थही बदलला, आता तो 'मधला' नसून 'जास्त डोस दिला तर चालेल' असा आहे, त्यामुळे आय आणि आर एकत्र मिळवून टक्केवारी काढायची जुनी सवय चुकीची ठरते.

कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर डिस्कने तपासताच येत नाही, रेणू मोठा असल्याने आगरमध्ये नीट पसरत नाही. २०१६ मध्ये सीएलएसआय आणि युकास्ट यांनी मिळून ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रवात जंतू वाढतो का ते बघणं) वापरा असं सांगितलं. तरीही डिस्कवरून काढलेले कोलिस्टिनचे आकडे अधूनमधून छापून येतात, ते सरळ बाजूला ठेवावेत.

कुणाचा नमुना तपासला

लॅब उत्तम असली तरी टक्केवारी चुकू शकते, कारण खाली छेदात कोण आहे हे महत्त्वाचं. जिथे कल्चरचे (नमुन्यातले जंतू वाढवून तपासण्याचे) पैसे रुग्णाच्या खिशातून जातात तिथे डॉक्टर पहिल्या दिवशी कल्चर पाठवतच नाहीत, दोन औषधं फेल गेली की मग पाठवतात, म्हणजे लॅबपर्यंत चिवट जंतूच जास्त पोचतात आणि देशाचा रेझिस्टन्स फुगलेला दिसतो. उलट अँटिबायोटिक सुरू झाल्यावर रक्त घेतलं तर सेन्सिटिव्ह जंतू वाढतच नाहीत, परिणाम तोच. यासाठी हजार रुग्ण-दिवसांमागे किती ब्लड कल्चर झाली हा आकडा शेजारी ठेवायला हवा, इअर्स-नेट तो गोळा करतं. एका रुग्णाचा एका प्रकारच्या नमुन्यातला तोच जंतू एकदाच मोजायचा हा ग्लासचा नियमही त्याचसाठी, नाहीतर आयसीयूतला एकच रुग्ण आलेख हलवतो.

ग्लासच्या २०२५ च्या अहवालात १०४ देशांची २०२३ ची माहिती आहे आणि त्यानुसार लॅबने पक्क्या केलेल्या दर ६ जंतुसंसर्गांपैकी १ रेझिस्टंट होता. जिथे पाळत कमकुवत तिथे रेझिस्टन्स जास्त असंही दिसतं. यातलं खरं किती आणि नमुन्यांच्या निवडीमुळे किती हे वेगळं करणं अवघड आहे, दोन्ही असणार. मग असे कच्चे आकडे छापावेत का? एक मत म्हणतं की आधी दर्जा सुधारा, दुसरं म्हणतं की छापल्याशिवाय सुधारणार नाही. ग्लासने दुसरा रस्ता धरला आणि कव्हरेज (माहिती किती भागातून आली) किती आहे तेही सोबत द्यायला सुरुवात केली, ते जास्त व्यवहार्य वाटतं.

क्षमता म्हणजे मशीन नव्हे

आफ्रिकेतल्या १४ देशांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात जवळपास ५०,००० लॅबपैकी फक्त १.३ टक्के ठिकाणी बॅक्टेरियॉलॉजी (बॅक्टेरियांची तपासणी) होत होती. बाकीच्या लॅब बंद नाहीत, त्या मलेरिया, एचआयव्ही, टीबीच्या ठरलेल्या तपासण्या करतात कारण निधी त्या रोगांच्या नावाने येतो. कल्चरला कुणी वाली नसतो. दान मिळालेलं ऑटोमॅटिक मशीन कार्ड संपलं किंवा सर्व्हिस इंजिनिअर मिळाला नाही म्हणून कोपऱ्यात पडून असणं हे ठिकठिकाणी दिसतं, आणि ब्लड आगरसाठी मेंढीचं रक्त मिळत नाही म्हणून ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरलं जातं, जे वापरू नये असं स्पष्ट सांगितलेलं आहे कारण काही जंतू त्यावर नीट वाढत नाहीत. आफ्रिकेत २००२ पासून दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत बाहेरून दर्जा तपासण्याची योजना चालू आहे आणि २००९ मध्ये किगालीत सुरू झालेल्या स्लमटा या लॅब सुधारण्याच्या कार्यक्रमाने लॅबला टप्प्याटप्प्याने आयएसओ १५१८९ या दर्जाच्या मानकाकडे नेण्याची पद्धत घालून दिली. ही कामं फोटोत दिसत नाहीत, पण फरक यांनीच पडलेला आहे.

जीनोम सिक्वेन्सिंगबद्दल, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए वाचण्याबद्दल, थोडक्यात. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधून एमसीआर-१ या कोलिस्टिन-रोधी जीनची बातमी आली आणि काही आठवड्यांतच डेन्मार्कने आपल्या साठवलेल्या सिक्वेन्समध्ये तो शोधून काढला. साठा होता म्हणून जमलं. पण जिथे प्लेटच नीट वाचली जात नाही तिथे आधी सिक्वेन्सर नेणं उलटं आहे.

जनावरं आणि पर्यावरण

डेन्मार्कचा डॅनमॅप १९९५ मध्ये आणि अमेरिकेचा नार्म्स १९९६ मध्ये सुरू झाला, हे पाळतीचे कार्यक्रम जनावरं, मांस आणि माणसं एकत्र बघतात. अन्न व कृषी संघटनेने पशुवैद्यकीय लॅबसाठी 'अ‍ॅटलास' नावाचं मूल्यमापन आणलं. माणूस, कोंबडी आणि सांडपाणी यांतला फक्त ईएसबीएल ई. कोलाय (बरीच अँटिबायोटिक निकामी करणारं एन्झाइम असलेला ई. कोलाय) मोजायचा, असा सोपा 'ट्रायसायकल' आराखडा २०२१ मध्ये आला. नद्या आणि मातीबद्दल अजून सर्वमान्य पद्धत नाही.

निधी

ब्रिटनचा फ्लेमिंग फंड २०१५ मध्ये २६.५ कोटी पौंडांचा जाहीर झाला आणि कमी उत्पन्नाच्या देशांतल्या लॅबसाठीचा हा सर्वात मोठा स्रोत मानला जात होता. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत २०३० पर्यंत किमान ८० टक्के देशांना ग्लासच्या यादीतले सगळे जंतू आणि बुरशी तपासता याव्यात असं ठरलं. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं तेव्हा, २०२५ च्या जुलैमध्ये, फ्लेमिंग फंड बंद करत असल्याचं ब्रिटन सरकारने सांगितलं.