मिठागर उलटं चालवताना

मुलुंडला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिलं की मिठागरं दिसायची. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उथळ वाफ्यांतून एकातून दुसऱ्यात फिरवायचं आणि मग उन्हावर सोपवायचं. एप्रिल-मेपर्यंत पांढरे ढीग उभे राहायचे आणि पहिल्या पावसाआधी ते झाकायची एकच घाई उडायची. आता मी न्यू जर्सीत राहते आणि घराच्या तळघरात दर पंधरा दिवसांनी बरोबर उलटं काम करते. कोरडं मीठ पाण्यात सोडते आणि त्याचा समुद्र करते. वर दिवाणखान्यात ३०० लिटरची प्रवाळांची टाकी आहे, तिच्यासाठी.

इथले हौशी लोक या मांडणीला मिक्सिंग स्टेशन म्हणतात. दोन पिंपं, एक पंप, चार-पाच व्हॉल्व्ह, एक हीटर. ऐकायला एवढंच आहे. पण यातली एकेक गोष्ट तिथे का आहे, हे मला मिठागरापासून सुरुवात केल्यावरच नीट उमगलं.

समुद्राच्या १ किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले जवळजवळ १९.४ ग्रॅम क्लोराइड आणि १०.८ ग्रॅम सोडियम, म्हणजे आपलं खायचं मीठ. उरलेल्यात २.७ ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास. पाणी आटायला लागलं की हे सगळे एकदम खाली बसत नाहीत. पाणी निम्म्यावर येईपर्यंत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना, बसू लागतो. पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम. दहाव्या हिश्शापर्यंत आटलं की खायचं मीठ. मॅग्नेशियम मात्र शेवटपर्यंत पाण्यातच राहतं आणि ते कडवट पाणी मिठागरवाले सोडून देतात. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी फिरवण्यामागे हीच निवड असते: नको ते आधीच्या वाफ्यांत बसू द्यायचं, हवं ते शेवटच्या वाफ्यात गोळा करायचं, उरलेलं टाकून द्यायचं.

म्हणून खायचं मीठ कितीही शुद्ध असलं तरी ते पाण्यात विरघळवून समुद्र होत नाही. मिठागराने जे जे वेगळं काढलं, ते ते पुन्हा प्रमाणात घालावं लागतं. प्रवाळांच्या टाकीसाठी मिळणारं मीठ म्हणजे असं सगळं परत एकत्र केलेलं मिश्रण असतं.

ते प्रमाण नेमकं काय, हे आपल्याला कळलं त्यामागे मोठा प्रवास आहे. १८७२ च्या डिसेंबरमध्ये ‘चॅलेंजर’ हे जहाज इंग्लंडहून निघालं आणि १८७६ मध्ये परतलं. जगभरच्या समुद्रांतून त्याने पाण्याचे नमुने आणले. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यातल्या ७७ नमुन्यांचं अत्यंत काटेकोर पृथक्करण केलं आणि १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. खुल्या समुद्रात खारेपणा कुठे कमी, कुठे जास्त असतो, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच राहतं, हे त्यातून पक्कं झालं. अलेक्झांडर मार्सेटने १८१९ मध्येच तसं सुचवलं होतं. माझ्या तळघरातल्या पिंपाचा सगळा डोलारा याच एका गोष्टीवर उभा आहे. मिश्रण बरोबर असेल तर एकच आकडा, एकूण खारेपणा, जुळवायचा. बाकीचे आपोआप जुळतात.

अट एकच, सुरुवातीच्या पाण्यात काहीही असता कामा नये.

नळाच्या पाण्यात आपल्याला निरुपद्रवी असलेल्या कितीतरी गोष्टी असतात. फॉस्फेट आणि नायट्रेट शेवाळाला खत घालतात. सिलिकेटमुळे काचेवर तपकिरी थर चढतो. तांब्याच्या पाइपांतून येणारं किंचित तांबं आपल्याला जाणवतही नाही, पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना ते विष आहे. कित्येक शहरांत पाणी निर्जंतुक करायला क्लोरामाइन वापरतात, ते उघड्यावर ठेवून उडून जात नाही. म्हणून पाणी आधी गाळाच्या फिल्टरमधून, मग कार्बनमधून, मग आरओच्या पडद्यातून आणि शेवटी डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेले आयन पकडणाऱ्या दाण्यांमधून, जातं. कार्बन क्लोरामाइन तोडतो, तेव्हा अमोनिया सुटतो. आरओमधून निसटलेला अमोनिया आणि इतर आयन रेझिन पकडतं. शेवटी टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर, शून्य दिसलं पाहिजे.

भारतातल्या वाचकांना इथे साहजिकच स्वयंपाकघरातला आरओ आठवेल. त्या पाण्यावर हे काम होत नाही. प्यायच्या पाण्याला चव राहावी म्हणून त्यातल्या बऱ्याच यंत्रांत थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं मुद्दाम मिसळलेली असतात. आपल्याला हवं ते पाणी अगदी बेचव, कोरं असतं.

आणि एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते, कारण हे वाचून कुणाला तरी मालवणच्या खडकांवरची पोवळी आठवतील. भारतात दगडी प्रवाळ, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून एक तुकडासुद्धा उचलणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. माझ्या टाकीतली प्रवाळं इतर हौशी लोकांच्या टाक्यांत वाढलेल्या वसाहतींचे बोटभर तुकडे आहेत. पाण्याचं शास्त्र मात्र फक्त मासे ठेवायच्या खाऱ्या टाकीलाही हेच लागतं.

आरओचा पडदा थंडीत मंदावतो, हे मी इथल्या पहिल्या हिवाळ्यात शिकले. पडद्याची क्षमता साधारण २५ अंश सेल्सियसच्या पाण्यासाठी सांगितलेली असते. जानेवारीत नळाचं पाणी ५ अंशांवर आलं की तोच पडदा जवळपास निम्म्या वेगाने पाणी देतो. म्हणून पहिलं पिंप गोड्या पाण्याच्या साठ्यासाठी आहे. ते रात्रभर थेंबाथेंबाने भरतं आणि फ्लोट व्हॉल्व्ह ते काठावर आलं की बंद करतो. हा साठा रोजच लागतो. टाकीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी हवेत जातं, पण क्षार मागेच राहतात, मिठागरासारखेच. ती तूट गोड्या पाण्यानेच भरायची. खाऱ्या पाण्याने भरली तर महिन्याभरात टाकीचं मिठागर होईल.

आता दुसरं पिंप. दोन्ही १५० लिटरची आहेत, अन्नासाठी वापरतात त्या जाड प्लास्टिकची. पंप दोघांच्या मधे, तळाच्या पातळीला. प्रत्येक पिंपाच्या तळातून एक तोटी पंपाकडे जाते आणि पंपातून वर निघालेला पाइप तीन दिशांना फुटतो: गोड्यातून खाऱ्या पिंपात, खाऱ्यातून परत खाऱ्यात, आणि छतातून वर टाकीकडे. कोणते व्हॉल्व्ह उघडे ठेवले यावर पाणी कुठे जाईल ते ठरतं. सगळे व्हॉल्व्ह पीव्हीसीचे. पितळेची एकही जोडणी नाही, कारण पितळेत तांबं असतं. पंप निवडताना ‘तासाला किती लिटर’ एवढंच पाहून चालत नाही. माझ्याकडे पाणी साडेतीन मीटर वर चढवायचं असतं, आणि खोक्यावरचा आकडा पाणी मुळीच वर चढवायचं नसेल तेव्हाचा असतो. वजनाचाही विचार करा. दोन पिंपं भरली की ३०० किलो होतात. तळघरातल्या काँक्रीटच्या जमिनीला ते पेलतं, वरच्या मजल्यावरच्या लाकडी जमिनीवर मी ते कधीच ठेवणार नाही.

मिसळायची पद्धत साधी आहे. खाऱ्या पिंपात ३० लिटर कोरं पाणी घ्यायचं, पंप फिरता ठेवायचा आणि लिटरला अंदाजे ३८ ग्रॅम या हिशोबाने, म्हणजे १.१ किलोच्या आसपास, मीठ हळूहळू सोडायचं. ३५ ऐवजी ३८ का? मिश्रणातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या क्लोराइडांच्या स्फटिकांत पाणी अडकलेलं असतं, त्याचंही वजन भरतं. हेच क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटतं ते त्यात उरलेल्या मॅग्नेशियममुळे. या मिश्रणात तर ते भरपूर असतं, त्यामुळे पिशवी उघडी राहिली की दगड होतो. शिवाय वाहतुकीत हलून हलून बारीक आणि जाड दाणे वेगळे होतात. डब्यातल्या चिवड्याचा मसाला आणि शेंगदाणे तळाला जातात ना, तसं. चिवडा घेताना आपण डबा हलवतो. मिठाची पिशवीही आधी चांगली उलटीपालटी करून घ्यावी.

आधी पाणी, मग मीठ. हा क्रम मी एकदाच चुकवला. पहिल्या वर्षी घाईत रिकाम्या पिंपात मीठ ओतलं आणि वरून पाणी सोडलं. पंधरा मिनिटांत पिंपात दुधासारखं पाणी झालं आणि दुसऱ्या दिवशीही ते नितळ झालं नाही. अल्कलिनिटी मोजली, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं माप; ८ डीकेएच (हे त्याचं एकक) अपेक्षित होतं, ५ सुद्धा भरलं नाही. सगळं पाणी टाकून द्यावं लागलं.

काय झालं ते समजून घेतल्यावर मला या पाण्याविषयी वेगळाच आदर वाटू लागला. समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट हे दोघं मिळून इतके असतात की ते कधीचेच चुना होऊन खाली बसायला हवेत. उष्ण कटिबंधात ते प्रमाण मर्यादेच्या तीन-चार पट असतं. तरीही ते बसत नाहीत, याचं एक मोठं कारण मॅग्नेशियम. चुन्याचा बारीकसा स्फटिक वाढायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि वाढ अडवतं. मी मिठावर पाणी ओतलं तेव्हा तळाशी दाट खळ झाली, आणि त्या खळीत कॅल्शियम आणि कार्बोनेट इतक्या जवळ आले की तो अटकाव पुरला नाही. एकदा बसलेला चुना मग सहज परत विरघळत नाही.

आणि प्रवाळ नेमकं हेच करतं, पण स्वतःला हवं तिथे. त्याच्या मऊ शरीराच्या आणि खालच्या सांगाड्याच्या मधे द्रवाचा अगदी पातळ थर असतो. प्रवाळ तिथून हायड्रोजन आयन बाहेर काढतं, त्या थराचा सामू (पीएच) वाढवतं, आणि तिथला कार्बोनेट कॅल्शियमशी जुळून ॲरागोनाइटचा, म्हणजे चुन्याच्याच एका स्फटिकरूपाचा, सांगाडा बनतो. आपल्याला हे काठावर उभं असलेलं पाणी तसंच, न कोसळू देता, त्याच्या हवाली करायचं असतं. मिसळण्यातली सगळी काळजी त्यासाठी आहे.

तापमानाचंही तेच. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुना उलट गरम पाण्यात कमी. बोअरवेलच्या पाण्यात गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो यामुळेच. पिंपातल्या हीटरवरही तो बसतो, म्हणून मीठ पूर्ण विरघळेपर्यंत मी हीटर लावत नाही आणि नंतरही २५-२६ अंशांपलीकडे नेत नाही. तयार पाणी दिवसेंदिवस ढवळतही ठेवत नाही, एका रात्रीत वापरते.

खारेपणा मोजायला मी रिफ्रॅक्टोमीटर वापरते. पाणी जितकं खारं तितका प्रकाश त्यात जास्त वाकतो. पण बऱ्याच स्वस्त उपकरणांची मोजपट्टी साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते. ३५ खारेपणाचं (किलोत ३५ ग्रॅम क्षार असलेलं) समुद्राचं पाणी प्रकाशाला जेवढं वाकवतं, तेवढं वाकवायला किलोत ३६.५ ग्रॅम साधं मीठ लागतं. कोऱ्या पाण्यावर शून्य जुळवलं की काम झालं असं वाटतं, पण चूक वरच्या टोकाला लपलेली असते. घरच्या घरी उपाय आहे: ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम कोरं पाणी, म्हणजे बरोबर १ किलो द्रावण. यावर उपकरणाने ३५ दाखवलं पाहिजे. पिंपातलं पाणी ३७ भरलं तर ३० लिटरांत पावणेदोन लिटर कोरं पाणी आणखी घालायचं.

हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद असल्या की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मीठ तेच, मापं तीच, तरी सामू खाली. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड घरात कोंडतो आणि पाण्यात उतरतो. हवेत तो दुप्पट झाला की सामू अंदाजे पाव अंकाने घसरतो. खिडकी तासभर उघडली की चढतो. बाहेरच्या समुद्राला अशी उघडायला खिडकी नाही.

मग पाणी बदलायचं, दर खेपेला टाकीचं १० टक्के. नव्याने भर पडली नाही तर टाकीत साचलेलं नायट्रेट निम्म्यावर यायला अशा सात खेपा लागतात, इतकं ते संथ आहे. प्रवाळं भराभर सांगाडे बांधू लागली की फक्त पाणी बदलून भागतही नाही. डिटमारचं ते स्थिर प्रमाण महासागरासाठी खरं आहे, कारण त्याचा आकार प्रचंड आहे. माझ्या ३०० लिटरांत मूठभर प्रवाळं दिवसाला १ डीकेएच सहज खाऊन टाकतात आणि खारेपणाचा आकडा हलतही नाही. म्हणून अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळे मोजावे लागतात आणि पहिल्या दोघांची तूट रोज वेगळी भरावी लागते.

काम झालं की पंपातून पाच मिनिटं गोडं पाणी फिरवते आणि जोडण्यांवरून ओलं फडकं. गेल्या महिन्यात पंपाजवळच्या युनियनखाली, म्हणजे पाइपांच्या उघडता येणाऱ्या जोडणीखाली, पांढरा ठिपका दिसला. गळती इतकी बारीक होती की हाताला ओलसुद्धा लागत नव्हती. भिंग लावून पाहिलं तर त्या पांढऱ्यात काही दाणे अगदी चौकोनी, काटकोनात कापल्यासारखे होते. खायच्या मिठाचे स्फटिक. मुलुंडच्या ढिगांत हेच चौकोन असायचे, फक्त मोठे. युनियन उघडली, आतल्या रबराच्या रिंगवर एक खरखरीत कण अडकला होता तो पुसला, आणि पुन्हा आवळली.