पिवळी पानं, जांभळे शिक्के

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय उघडलं आणि काही वर्षांतच तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. सांगली-साताऱ्याकडच्या वैद्य घराण्यांत हाताने लिहिलेल्या पोथ्या त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. म्हणून या भागातल्या जुन्या ग्रंथालयांत किंवा डॉक्टरांच्या घरच्या कपाटांत दोन्ही वैद्यकं एकाच फळीवर सापडू शकतात. एकीकडे खारव्यात, म्हणजे जाड लाल कापडात, बांधलेली पोथी, तिच्या शेजारी विलायतेत छापलेलं, कातडी पाठीचं शरीररचनेचं जाडजूड पुस्तक. दोन्ही उघडून पाहिली तर हिशोब उलटा दिसतो. दोनशे वर्षांच्या पोथीचं पान अजून लवचीक असतं. सव्वाशे वर्षांच्या छापील पुस्तकाचं पान बोट लागताच कोपऱ्यातून तुटतं आणि टेबलावर पिवळा चुरा पडतो.

याचं कारण कागद कसा केला होता यात आहे. जुन्नर किंवा दौलताबादकडचा हातकागद सण नावाचा तागासारखा धागा, गोणपाटं, दोरखंडं, चिंध्या यांच्या लगद्याचा. लगदा चुन्यात मुरवायचा, तक्ता वाळला की त्याला खळ द्यायची आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. या कागदातले धागे लांब असतात आणि चुन्याचा थोडा अंश त्यांच्यात कायमचा राहतो.

युरोपात १८०७ साली मोरिट्झ इलिग या जर्मन कागद कारागिराने राळ आणि तुरटी वापरून कागदाला खळ देण्याची स्वस्त रीत प्रसिद्ध केली. यामुळे शाई फुटत नाही, पण तुरटीतून हळूहळू आम्ल तयार होतं. पुढे १८४४ च्या सुमारास फ्रीडरिख केलरने लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती काढली आणि लाकडाचे धागे धरून ठेवणारं लिग्निन कागदात आलं. उजेडाने आणि हवेने पिवळं पडणारं ते हेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली वैद्यकाची पाठ्यपुस्तकं बहुतेक या नव्या कागदावरची आहेत.

आम्ल नेमकं काय करतं? कागद म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. आम्लातला हायड्रोजन आयन दोन कड्यांमधला सांधा सैल करतो आणि हवेतल्या दमटपणातून आलेलं पाणी तो तोडतं. या व्यवहारात आम्ल खर्चच होत नाही, ते पुढच्या सांध्याकडे वळतं. साखळीची सरासरी लांबी २००-२५० कड्यांवर आली की पान घडी सोसत नाही. तापमान साधारण ५ ते ६ अंशांनी चढलं की ही मोडतोड दुप्पट वेगाने होते, असा संवर्धकांचा ढोबळ हिशोब आहे. सांगलीचा मे महिना आणि पत्र्याखालचं ग्रंथालय हे दोन्ही डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या हिशोबाचा अर्थ कळेल. (कागद किती ठिसूळ झालाय हे बघायला कोपरा दुमडून पाहण्याची एक जुनी चाचणी आहे. दुर्मीळ पुस्तकावर ती कृपया करू नये, कोपरा परत येत नाही.)

आम्ल मारायला अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, हवी. राष्ट्रीय अभिलेखागारासारख्या संस्थांनी यासाठी अनेक वर्षं चुन्याची निवळी वापरली. पुस्तक सुटं करायचं, पानं निवळीत बुडवायची, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात. वाळताना धाग्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण उरतात आणि पुढची कित्येक वर्षं नव्याने तयार होणारं आम्ल गिळत राहतात. हातकागद करणाऱ्यांच्या चुन्याने नकळत जे साधलं, ते इथे जाणूनबुजून करायचं. पाणी चालत नसेल तर मॅग्नेशियम ऑक्साइडची बारीक पूड न भिजवणाऱ्या द्रवातून फवारतात.

पण वैद्यकाच्या पुस्तकाला निवळीत घालण्याआधी पानावर काय सांडलंय ते पाहावं लागतं. आधी पाहावेत ते हळदीचे डाग. हळदीतलं कर्क्युमिन अल्कली लागताच लाल होतं. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं हे घरोघरी ठाऊक आहे, आणि हळदीची एवढी मोठी पेठ असलेल्या सांगलीत तर ते कोणाला सांगायलाही नको. निवळीत पडलेल्या पानावर एकदम लाल ठिपके उमटले की नवखा माणूस घाबरतो. कार्बोनेट होऊन अल्कली उतरली की तो लालपणा बराचसा मावळतो. तेला-तुपाचे डाग वेगळे. तिथे द्रावण आतच शिरत नाही, आजूबाजूचा कागद सुधारतो आणि डागाखालचा तसाच आंबट राहतो. हे डाग घालवावेत का? माझं मत, नाही. पुस्तकाचं कोणतं पान औषध करताना उघडं ठेवलेलं असायचं, हे सांगणारा दुसरा पुरावा सहसा नसतो.

शाईची गोष्ट याहून नाजूक. पोथीतली शाई काजळी आणि डिंकाची. काजळीतला कार्बन सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही, म्हणून अक्षर शतकानुशतकं काळं राहतं, पण डिंक पाण्यात सुटतो आणि ओळ पसरू शकते. विलायती पुस्तकाच्या समासात डॉक्टरांनी टाकाने लिहिलेल्या टिपणांची शाई अनेकदा मायफळ (झाडावर येणाऱ्या तुरट गाठी) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची असते. मायफळातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह मिळून काळा रंग होतो, बरोबर गंधकाम्लही तयार होतं. शिवाय उरलेलं लोह सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण वाढवतं. परिणामी अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक पडतं. यावर नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात कॅल्शियम फायटेटचा उपाय तयार झाला. धान्याच्या कोंड्यात असणारं फायटिक आम्ल लोहाला पकडून ठेवतं आणि त्याचा उपद्रव थांबवतं.

आणि जांभळा शिक्का! आपल्या वाचनालयांनी शीर्षकपानावर, चित्रांवर, कधी तर चित्रातल्या हृदयाच्या ऐन मध्यावर मारलेला. ही शाई मिथाइल व्हायोलेटच्या कुळातली. तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध, जेन्शियन व्हायोलेट, त्याच कुळातलं. कॉपिंग पेन्सिलीतही हाच रंग असे. पाणी लागलं की तो पानभर धावतो आणि मागच्या चार पानांवर उतरतो. म्हणून कोणतंही पान भिजवण्याआधी प्रत्येक शाईवर पाण्याचा एक बारीक थेंब ठेवून टिपकागदाने उचलायचा आणि टिपकागदाला रंग लागला का ते पाहायचं. लागला, तर ती जागा सायक्लोडोडेकेन नावाच्या मेणासारख्या पदार्थाने तात्पुरती झाकता येते. काम झालं की तो कापरासारखा आपोआप उडून जातो, मागे काही ठेवत नाही.

फाटलेलं पान जोडायचं कसं, यावर आपल्याकडे सगळ्यांकडे एकच उत्तर असतं, सेलोटेप. जुन्या पुस्तकांचं सर्वात जास्त नुकसान कसरीने केलं की सेलोटेपने, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी उत्तर द्यायला बराच वेळ घेईन. टेपचा चिकटा आधी मऊ होऊन कागदात झिरपतो, मग ऑक्सिजनने त्याचे रेणू एकमेकांना जखडतात आणि तो तपकिरी, कडक होतो. वरची पट्टी गळून पडते, डाग राहतो. तो काढायला अॅसिटोनसारखी द्रावकं, वाफ काढणारी खिडकी आणि पानामागे तासन्‌तास लागतात. झेरॉक्सच्या दुकानातलं गरम लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण तिथे परतीचा रस्ताच नाही.

दुरुस्तीची खरी सामग्री फार साधी आहे. गव्हाचं सत्त्व, म्हणजे कुरडयांसाठी गहू भिजवून जो चीक काढतात तोच, पाण्यात शिजवून वस्त्रगाळ केलेला. मैद्याची खळ इथे चालत नाही. तिच्यातलं ग्लुटेन वाळून कडक होतं आणि किड्यांना मेजवानी मिळते. पूर्वी किडे येऊ नयेत म्हणून बाइंडर खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालत. किडे कमी झाले, पण तांबं कागदाचं ऑक्सिडीकरण वाढवतं, त्यामुळे खळ लागलेली जागाच आधी पिचते. दुसरी वस्तू म्हणजे कोझो झाडाच्या सालीचा जपानी कागद. झेरॉक्सचा कागद चौरस मीटरला ७०-८० ग्रॅम भरतो, हा ३ ते १० ग्रॅम. पट्टी कात्रीने कापत नाहीत, पाण्याची रेघ ओढून फाडतात. कडेला निघालेले लांब तंतू फाटलेल्या जागेवर पसरतात आणि जोड बोटालाही लागत नाही. वर टिपकागद, त्यावर वजन. उद्या कोणाला अधिक चांगली रीत सापडली तर थोड्या ओलाव्याने ही पट्टी सोडवता येते, आणि या पद्धतीचा सगळा मोठेपणा त्यातच आहे.

बांधणीबद्दल एवढंच सांगेन, पुस्तक बाइंडरकडे देताना ‘कटिंग नको’ असं कागदावर लिहून द्या. मशीनवर तिन्ही बाजू साफ करण्याची सवय इतकी पक्की असते की समासातली टिपणं दोन मिनिटांत कचऱ्यात जातात. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे झाले असतील तर जुन्याच भोकांतून दोऱ्याने शिलाई होऊ शकते. तारेची पिन नको, ती गंजते. कातडी पाठ लाल भुकटी होऊन हाताला लागत असेल तर तेल चोळू नये. त्या कातड्याच्या तंतूंची रचनाच मोडलेली असते. अल्कोहोलमध्ये विरघळवलेला एक सेल्युलोजजन्य पदार्थ लावून ती भुकटी जागेवर धरून ठेवतात.

आता सांगलीचा खास प्रश्न. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि शहरातल्या ग्रंथालयांतही शिरलं. भिजलेलं साधं पुस्तक पंख्याखाली, पानांत टिपकागद घालून वाळवता येतं. वैद्यकाच्या पुस्तकांची गोष्ट निराळी, कारण त्यांतली चित्रं आर्ट पेपरवर असतात. छायाचित्रं स्वच्छ उठावीत म्हणून या कागदावर चिनी मातीचा लेप दिलेला असतो आणि लेप धरून ठेवायला केसीन किंवा स्टार्च. पाण्याने हा बांधक मऊ होतो आणि समोरासमोरची पानं एकमेकांना धरतात. वाळलं की त्या पानांची वीट होते, आणि मग ती कोणालाही उलगडत नाही. म्हणून नियम लक्षात ठेवायचा तो उफराटा आहे. आर्ट पेपरचं भिजलेलं पुस्तक वाळू द्यायचं नाही. ओलं असतानाच पानापानात न चिकटणारा कागद घालायचा, किंवा ते लगेच गोठवायचं.

गोठवलं की बुरशीही थांबते. नाहीतर आपल्या हवेत ती ४८ तासांत दिसू लागते. पुढे निर्वात पेटीत बर्फाची थेट वाफ करतात. पाणी द्रवरूपात येतच नाही, त्यामुळे पानं चिकटायला आणि शाई धावायला संधी कमी मिळते. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचं पाणी राष्ट्रीय ग्रंथालयात घुसलं. आजच्या ग्रंथसंवर्धनाची बरीच शिस्त तिथल्या चिखलात घडली. १९७२ साली अमेरिकेत कॉर्निंगच्या काच संग्रहालयात पूर आला, तेव्हा भिजलेली पुस्तकं गोठवून वेळ मिळवण्याची युक्ती कामी आली. सांगली-तासगावात बेदाण्याची शीतगृहं रग्गड आहेत. पण बेदाण्याला शून्याच्या आसपासचं तापमान पुरतं, पुस्तकांना उणे २० च्या जवळ जावं लागतं. म्हणजे पावसाळ्याआधी दूरध्वनी करून ठेवायचा तो आइस्क्रीम साठवणाऱ्यांना. बेदाण्याचं शीतगृह मिळालं तरी चार-दोन दिवसांची सवड नक्की मिळेल, आणि पुरात तेवढीही कमी नसते.

कोरड्या दिवसांत शत्रू असतात कसर, वाळवी आणि दमट हवा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचं फावतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती याहून पुष्कळ वर असते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि हवा खेळती ठेवली तर निम्मं काम होतं. किडलेली पुस्तकं प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घालून उणे २० अंशांत आठवडा-दोन आठवडे ठेवली तर किडे आणि अंडी दोन्ही मरतात. ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून पिशवी तीन आठवडे बंद ठेवणं हा दुसरा मार्ग. वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कपाटात पुरचुंडी करून ठेवावा. पुस्तकाच्या पानांत ठेवलेला पाला आपला तपकिरी ठसा मागे सोडतो.

आणखी एक. जुन्या पुस्तकाचं पान थुंकी लावून उलटू नये, हा निव्वळ सभ्यतेचा मुद्दा नाही. पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, कधी अख्खा कागद त्याने पिवळा करत. हरताळ म्हणजे आर्सेनिक या विषाचं सल्फाइड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या काही विलायती पुस्तकांचं झगझगीत हिरवं कापड आर्सेनिकयुक्त रंगाचं आहे. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने २०१९ पासून अशा पुस्तकांची यादीच करायला घेतली. त्यावर आपल्या ग्रंथालयांत वर्षानुवर्षं मारलेली डीडीटीची पूड. तेव्हा हातमोजे, मुखपट्टी आणि नंतर साबणाने हात धुणं.

सगळी पुस्तकं एका वर्षात दुरुस्त होत नसतात. पैसे आणि हात दोन्ही कमी असतात, म्हणून क्रम लावावा लागतो. मी असा लावीन. जगभर ज्याच्या शेकडो प्रती आहेत असं छापील पाठ्यपुस्तक शेवटी, त्यासाठी आम्लविरहित पुठ्ठ्याची चार पाकळ्यांची पेटी पुरे. त्याच पुस्तकाच्या समासात कोणा स्थानिक डॉक्टराने आपल्या रुग्णांबद्दल टिपणं केली असतील तर ते वर सरकतं. शरीराचे थर एकेक उचलून पाहायची, घडीची चित्रं असलेली पुस्तकं त्याच्याही वर, कारण त्यांचं स्कॅनिंग केलं तरी थरांची यंत्रणा स्कॅनमध्ये येत नाही. स्कॅन करताना पुस्तक सपाट दाबू नये, ९० ते १०० अंशांत उघडून पाळण्यासारख्या आधारावर ठेवावं. आणि वैद्याच्या हातची औषधांच्या पाठांची वही, जिची दुसरी प्रत कुठेच नाही, ती सर्वात आधी. तोवर ती खालच्या फळीवर तरी ठेवू नका.