ऑयलरचं भाकीत खोटं ठरवणारे श्रीखंडे

दरवर्षी २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनाला, खानदेशातल्या शाळा-कॉलेजांत भाषणं होतात. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखाचा उल्लेख हमखास येतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता. त्याचा अभिमान असायलाच हवा. पण वक्ते भास्कराचार्यांवरून थेट रामानुजनवर येतात आणि तिथेच थांबतात, जणू पुढे आपल्याकडे कुणी गणित केलंच नाही. शरदचंद्र शंकर श्रीखंडे हे नाव अशा व्यासपीठावरून मी अजून ऐकलेलं नाही. सागरला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख असलेले श्रीखंडे २०२० साली, वयाच्या १०२व्या वर्षी गेले. त्यांचं काम भास्कराचार्यांच्याच आवडीच्या विषयातलं होतं. ‘लीलावती’तल्या अंकपाशात प्रश्न आहे की दहा हातांतली दहा आयुधं अदलाबदल केली तर शंभूची रूपं किती? उत्तर ३६,२८,८००. मांडण्यांच्या या शास्त्राला आज कॉम्बिनेटोरिक्स म्हणतात.

समजा, कपाशीचे तीन वाण तपासायचे आहेत. शेताला उतार एकीकडे, पाटाचं पाणी दुसरीकडून. एखाद्या वाणाला नुसत्या जागेचा फायदा मिळू नये म्हणून प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत प्रत्येक वाण एकदाच पेरतात. हा लॅटिन चौरस. सुडोकू म्हणजे जादा अट घातलेला नऊचा लॅटिन चौरस. आता त्याच वाफ्यांत खताच्या तीन मात्राही बघायच्या, तर क, ख, ग हे वाण आणि १, २, ३ या मात्रा अशा बसतात:

ख३ ग१ क२
क१ ख२ ग३
ग२ क३ ख१

अक्षरांचा चौरस लॅटिन, आकड्यांचाही लॅटिन, आणि नऊच्या नऊ जोड्या वेगळ्या. अशा दोन चौरसांना परस्पर लंब म्हणतात. आता क म्हणजे ०, ख म्हणजे ३, ग म्हणजे ६ धरून बेरजा करा: ६, ७, २, १, ५, ९, ८, ३, ४. कुठूनही बेरीज १५! यात्रेत तांब्याच्या पत्र्यावर कोरून विकलं जाणारं पंधराचं यंत्र ते हेच. त्यात शक्ती आहे ती गणिताची. साडेसाती त्याने टळत नाही, आणि कुणी टळते म्हणून पैसे मागितले तर देऊ नयेत.

विषम संख्यांसाठी आणि ४च्या पटींसाठी असे जोड बनतात, हे अठराव्या शतकातला स्विस गणिती ऑयलर याला माहीत होतं. ६ साठी मात्र त्याला जमेना. १७८२ साली त्याने भाकीत केलं की ज्या संख्येला ४ने भागल्यावर बाकी २ उरते (६, १०, १४, १८, २२...), तिच्यासाठी असा जोड असूच शकत नाही. १९०० च्या सुमारास टॅरी या फ्रेंच गणितीने ६ची सगळी प्रकरणं हाताने तपासून तेवढ्यापुरतं ते खरं ठरवलं. बाकीचं १७७ वर्षं तसंच राहिलं.

१९५९ साली श्रीखंडे आणि त्यांचे गुरू राजचंद्र बोस यांनी २२चा जोड उभा केला. ही युक्ती मला फार आवडते, म्हणून सविस्तर सांगतो. १५ मुली सात दिवस तीन-तीनच्या रांगांत फिरायला जातात आणि कोणत्याही दोघी नेमक्या एकदाच एका रांगेत येतात, हे कोडं १८५० पासून प्रसिद्ध आहे. आता सात बाया घ्या, दर दिवसाला एक. त्या दिवसाच्या पाचही रांगांत त्या दिवसाची बाई घाला. झाल्या ३५ चौकड्या. सात बायांचा आणखी एक गट करा. एकूण २२ जणी, आणि कोणत्याही दोघी नेमक्या एकाच गटात एकत्र. पडताळा बघा: ३५ × ६ + २१ = २३१, आणि २२ जणींच्या जोड्याही २३१च.

४ आणि ७ जणींच्या गटांसाठी असे लंब जोड मिळतात की दोन्ही चौरसांच्या कर्णावर प्रत्येकीचं स्वतःचंच नाव येतं. मग २२ × २२च्या तक्त्यात ‘अ’च्या ओळीत, ‘ब’च्या रकान्यात काय लिहायचं? अ आणि ब ज्या एकमेव गटात आहेत, त्याच्या छोट्या चौरसात त्या घरात जे असेल ते. कर्णावर ज्याचं त्याचं नाव. दोन्ही चौरस असेच भरायचे. आता कोणत्याही दोन वेगळ्या नावांची जोडी घ्या. त्या दोघी एकाच गटात आहेत, त्या गटाच्या छोट्या चौरसांत ती जोडी एकदाच येते, म्हणून मोठ्या तक्त्यातही एकदाच. २२ला ४ने भागून बाकी २. ऑयलर चुकला!

लगेच पार्कर या अमेरिकी गणितीने १०चा जोड शोधला, आणि मग तिघांनी मिळून दाखवलं की २ आणि ६ सोडले तर ऑयलरचं भाकीत सगळीकडेच खोटं आहे. २६ एप्रिल १९५९ला न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गटांची अशी बांधणी पुढे प्रयोगांची आखणी आणि संदेशांतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतावल्या या दोन्ही क्षेत्रांत कामाला आली. त्याच वर्षी श्रीखंड्यांनी शोधलेला १६ बिंदूंचा आलेख (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची आकृती) आजही ‘श्रीखंडे ग्राफ’ म्हणून शिकवला जातो.

१०चं कोडं मात्र पुरतं सुटलेलं नाही. एकमेकांना लंब असे नऊ चौरस १० साठी अशक्य आहेत, हे १९८९ साली संगणकाच्या प्रचंड शोधानंतर ठरलं. दोन आहेत, हे पार्करने दाखवलं. तीन आहेत का, हे अजून कुणालाही सांगता आलेलं नाही.