षड्ज-गांधार खर्जात का खरखरतात?

डार्क अँबियंट किंवा ड्रोन संगीत (लांबवलेल्या सुरांचं गूढ, संथ संगीत) ऐकताना अंगावर काटा येतो, तो त्यात दडवलेल्या 19 हर्ट्झच्या ‘भुताच्या वारंवारते’मुळे, असा दावा नेहमी केला जातो. त्याचं मूळ 1998 सालचं. विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याने प्रयोगशाळेतल्या पंख्याचा तेवढाच कंप आणि तिथे जाणवणारं ‘भूत’ यांचा संबंध लावला होता. पण फोनचा इवलासा स्पीकर 19 हर्ट्झ वाजवूच शकत नाही. भूत तिथेच अडलं!

खरी गंमत आतल्या कानात आहे. कॉक्लियाच्या शंखात बॅसिलर पटल असतं. त्याच्या एका टोकाला उंच सूर थरथर उठवतात, दुसऱ्या टोकाला खर्ज. दोन सूर फार जवळचे असले की त्यांच्या थरथरीचे पट्टे एकमेकांवर चढतात. 60 आणि 63 हर्ट्झ एकत्र वाजवा, सेकंदाला तीन विस्पंद, म्हणजे आवाजाचे चढउतार, येतील. अंतर वाढवत नेलं की ते मोजता येत नाहीत, नुसती खरखर उरते.

आता षड्ज-गांधार घ्या, गुणोत्तर 4:5. 600 आणि 750 हर्ट्झला अंतर 150, पट्टे जवळपास सुटे, कानाला गोड. तेच सूर 60 आणि 75 ला आणले की अंतर उरतं फक्त 15, आणि गोडवा संपला. ड्रोनवाले खर्जात सुरांचे थर रचतात ते यासाठीच. तंबोराही अखंड घुमतो, तरी तो शांतवतो. कारण त्यातला स्वयंभू गांधार म्हणजे मूळ सुराच्या पाचपट वारंवारता, दोन सप्तकं वर, ऐसपैस जागेत.

खरखरीची भीती का वाटावी? माणसाच्या किंकाळीत आवाज सेकंदाला साधारण 30 ते 150 वेळा कमीजास्त होतो, आणि अशी खरखर मेंदूतल्या अमिग्डालाला, म्हणजे भीतीशी निगडित भागाला, जागं करते, असं 2015च्या एका अभ्यासात दिसलं. शिवाय 50 हर्ट्झची तरंगलांबी जवळपास सात मीटर. डोकं त्यापुढे चिमुकलं, त्यामुळे दोन्ही कानांना आवाज जवळपास सारखाच पोचतो आणि तो कुठून येतोय ते कळत नाही.

पडताळून पाहायला टोन जनरेटरचं कुठलंही ॲप चालेल. दोन्ही सूर एकाच कानात सोडा. एकेका कानात एकेक दिला तर पटलावर गाठ पडतच नाही. एक 440 वर ठेवा, दुसरा 443 पासून हळूहळू चढवा. आधी विस्पंद, 470च्या आसपास चांगलीच खरखर, आणि 550 ला स्वच्छ गांधार.